झोळीवाल्याची ओळ

त्या दिवशी सकाळी मी चष्मा घरी विसरलो. तलावाच्या भिंतीवर चढलो, तू तुझ्या सपाट दगडावर बसलीस, दोन्ही पिशव्या मांडीवर घेतल्यास, आन म्या वही उघडली तर अक्षरं सगळी मुंग्यांवाणी.

"काय झालं?"

"चष्मा राह्यला घरी."

"डोकं बी ठेवलं असंल तिथंच, खुंटीला."

थंडी होती. माझाच जुना मफलर तू डोक्याला गुंडाळला होता आन वरून पदर. तू टिळेवाल्या मोजून राह्यलीस. काळ्या कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा लावलेल्या त्या पाणकोंबड्या. डाव्या पिशवीत चिंचोके, एक पाखरू दिसलं की एक चिंचोका उजव्या पिशवीत. मोजताना तुझे ओठ बी हलायचे न्हाईत. मी मधी बोललो तर चिडायचीस, म्हणून गप होतो. झालं मोजून, तशी तू उजव्या पिशवीची नाडी ओढली, गाठ मारली. म्हणालीस, "राहू द्या आता. घरी जाऊन चष्मा लावा, चिंचोके मोजा आन लिहा. चिंचोके काय उडून जाणार न्हाईत."

मंग पाण्याकडं बघतच विचारलंस, "आठवलं का?"

मी म्हणलो, "व्हय, देवळीत ठेवलाय चष्मा."

तुला चष्म्याचं विचारायचं नव्हतं. मला ठाव होतं. हा सवाल तू बारा वर्षं विचारत आलीस आन मी बारा वर्षं असाच कुठं तरी पळत आलो. त्याचं सांगायलाच हे लिहून राह्यलो.

घरी आलो, तू हरभऱ्याच्या भाजीसंगं अर्धी भाकर खाल्लीस, ओसरीवर उन्हात आडवी झालीस. दुपारच्या चहाला सून रेखा उठवायला गेली तर बिचारी कप हातात घेऊन तशीच उभी. दिवस मावळायच्या आत तुला पोचवून बी आलो. इतकं जल्दी कुणी जातं का? बाजाराला निघायची तर एक घंटा लावायचीस.

काल तेरावं झालं. मांडव सोडला, भांडी परत गेली. चालू वहीत मागं कोरी पानं हायेत, त्यावर लिहितो. तुला वाचता येत न्हाई हे मला माहीत हाय. पण मी लिहिलेलं तुला मी वाचूनच दाखवत होतो ना रोज. हे बी वाचीन. मोठ्यानं वाचलं तर पोरगा भगवान म्हणंल आबाचं डोकं फिरलं, म्हणून तलावावर जाऊन वाचीन.

लिहिणं मला तूच लावलंस. मी चौथी पास, ते बी गुरुजींनी पुढं ढकलला म्हणून. शाळा सुटल्यावर सही सोडली तर हातानं अक्षर काढलं न्हाई. मंग त्या सुनीता मॅडम आल्या. जालन्याला शाळेवर होत्या, रविवारी गळ्यात दुर्बीण घालून तलावावर यायच्या. तू तिथं शेरडं घेऊन बसलेली असायचीस. त्यांनी तुला विचारलं, आजी न म्हणता ताई म्हणून विचारलं, त्यातच तू खूश, "ताई, ती बदकं कधीपासून आलीत?" तू म्हणालीस, "दिवाळीच्या चौथ्या दिवशी. पयले सात, मंग रोज चार-दोन. आज एक कमी हाय, लंगडणारी दिसंना." मॅडम तुझ्याकडं बघतच राह्यल्या. पुढच्या रविवारी त्यांनी शंभर पानी वही आणली. म्हणाल्या, रोज मोजा आन लिहून ठेवा. तू वही घेतलीस, उलटीसुलटी पाहिलीस आन सरळ माझ्या हातात दिलीस. "मला येत न्हाई. ह्यांला येतं."

मला येत नव्हतं. पण परक्या बाईपुढं बायको असं बोलली तर नवरा काय करणार?

पयल्या वहीतलं माझं अक्षर आता बघवत न्हाई. "बदख" लिहिलंय. पण तू शेजारी बसून म्हणायचीस, "अक्षर लई झाक येतंय तुमचं." तुला काय कळत होतं अक्षरातलं? तरी मला बरं वाटायचं. आज ही नववी वही हाय. ऊस तोडला असता तर इतका हात दुखला नसता, पण लिहिता झाला. हे तुझे उपकार म्या कधी बोलून दाखवले न्हाईत. तुझं नाव सुदीक म्या कधी तोंडानं घेतलं न्हाई. पन्नास वर्षं "ऐकलं का" आन "अगं ए" वरच भागवलं.

नावं तर तू ठेवायचीस. मॅडमच्या पुस्तकात पाखरांची चांगली नावं होती, पण तुला ती पटायची न्हाईत. ज्याच्या चोचीत मधी फट असते तो तुझा चिमटा. ज्याची चोच म्होरं चपटी, तो पळीवाला. सारखी बुड्या मारणारी ती बुडी. हिवाळ्याला येणारी ती भगव्या रंगाची मोठी बदकं, त्या भगव्या. सगळा तलाव तू तुझ्या चुलीपुढं आणून ठेवला. मॅडम सुरवातीला खोडायच्या, मंग त्याच म्हणायला लागल्या, "काकू, आज पळीवाले किती?"

भगव्यांवरून आपलं भांडण ठरलेलं. दर साली एक जोडी त्या वाळक्या बाभळीखालच्या काठाला उतरायची. तू म्हणायचीस, "त्याच हायेत."

मी म्हणायचो, "कशावरून? त्यांच्या गळ्यात काय चिठ्ठी हाय?"

"मादी मान जरा वाकडी धरती. बघा ना."

"सगळ्याच धरत्यात."

"सगळ्या धरत न्हाईत. तुमी बघत न्हाई."

"अगं, हिमालयापलीकडून येत्यात म्हणे त्या. तिथून नेमकं आपलं गाव सापडंल त्यांला? मला वाटूरच्या बाजारातून रात्रीची गाडी सापडत न्हाई."

"तुमचं सांगू नका. तुमी चष्मा हरवता."

असं दहा-अकरा हिवाळे. एकदा बी निकाल लागला न्हाई.

आन तो दुष्काळाचा उन्हाळा. तलाव आटला, तळाला भेगा पडल्या, पोरं त्यात क्रिकेट खेळून राह्यली. मी म्हणलो, आता काय मोजायचं, चल घरी. तू म्हणालीस, "पाणी न्हाई हे बी लिहायला पायजे." मंग आपण रोज सकाळी जाऊन कोरड्या तलावाकडं तोंड करून बसायचो. मी रोज लिहायचो, "कोरडं. काई न्हाई." पाच पानं भरली तशी. लोक भिंतीवरून जाताना हसायचे. मला बी लाज वाटायची तेव्हा. आता ती पाच पानं उघडली तर वाटतं, आपल्या संसारातला सगळ्यात निवांत उन्हाळा तोच. काम न्हाई, बोलणं न्हाई, नुसतं संगं बसणं. पयला पाऊस होऊन गुडघाभर पाणी झालं तेव्हा एकच लालटांग्या आला. उंच काडीसारख्या लाल पायांचा. तू एकच चिंचोका उचलला, उजव्या पिशवीत टाकला आन माझ्याकडं असं पाहिलंस, जशी लेक बाळंतपणाला माहेरी आली.

आता तुझ्या त्या सवालाचं सांगतो.

हरभरा काढायचे दिवस होते. शेत तेव्हा माझ्याच हाती होतं. चार बाया मजुरीला सांगितल्या होत्या, आन तू भाकरी घेऊन येणार होतीस. बाया आल्या, ऊन वर आलं, तुझा पत्ता न्हाई. म्या वळखलं, तलावावर बसली असणार. तापलोच. बायांपुढं म्हणलो, आज तिला पाखरासंगंच नांदायला पाठवतो. तरातरा भिंत चढलो.

आन म्या तो पाहिला.

ऐक नीट. म्या पाहिला. पाण्याच्या मधोमध, मळक्या कापसाच्या रंगाचा, बकरीच्या पिल्लाएवढा मोठा. हातभर लांब चोच आन चोचीखाली कातड्याची पिशवी लोंबत होती. त्यानं चोच पाण्यात घातली, पिशवी भरली, हळूहळू पाणी गाळलं, मान वर केली आन मासा गिळला. मंग पाण्यावर पाय मारत पळाला, उठला आन भिंतीवरून गेला. माझ्या डोक्यावरून गेला. पंखाचा आवाज म्या ऐकला, सुपानं पाखडताना येतो तसा.

तू वळलीस. तुझं तोंड असं झालं होतं, लगीन झालं तेव्हा सुदीक म्या असं पाहिलं न्हाई. "अवं, पाहिलं? पाहिलं का?"

मी म्हणलो, "काय पाहायचंय? बाया खोळंबल्यात."

"तो! तो काय गेला आत्ता! चोचीला झोळी!"

"मला काही दिसलं न्हाई. उठ."

का म्हणलो? बारा वर्षं स्वतःला विचारलं. उत्तर सरळ हाय आन घाण हाय. मला राग आल्ता, तुला आनंद झाल्ता, आन त्या आनंदात मला वाटा नको होता. बस. दुसरं काही न्हाई.

वाटलं, संध्याकाळपर्यंत राग उतरंल, मंग सांगू, हसू दोघं. पण संध्याकाळी तू वही पुढं केलीस, "लिहा. झोळीवाला, एक." तवर राग उतरला होता, पण आता खोटं बोललो हे कबूल करावं लागणार होतं. मी म्हणलो, "जे म्या पाहिलं न्हाई ते मी लिहीत न्हाई." लई मोठा नियमवाला! तू पिशव्या खुंटीला लावल्या. मंग म्हणालीस, "मंग ओळ मोकळी सोडा." म्या सोडली.

तू दळणाला गेलीस तिथं सांगितलंस. बायांना आयतंच सापडलं. "झोळी घेऊन आल्ता म्हणजे गोसावी असंल गं, भिक्षा वाढली का?" तेव्हापासून गिरणीवर तुझं नाव झोळीवाली पडलं. तू हसण्यावारी न्यायचीस. पण पुढच्या रविवारी मॅडम आल्या तेव्हा तू हसत नव्हतीस. धावत गेलीस, सगळं सांगितलंस, हातानं चोच दाखवलीस. मॅडमनं वहीतली मोकळी ओळ पाहिली, पुस्तकातलं चित्र उघडलं, तू बोट ठेवलंस, हाच. मॅडम म्हणाल्या, "पेलिकन हा. पण काकू, इतक्या लहान तलावावर? कठीण आहे." मंग माझ्याकडं वळल्या. "काका, तुम्ही पाहिला का?"

गिरणीवाला होता तिथं, दोन पोरं होती, भगवान होता. सगळे माझ्याकडं. तू बी.

मी म्हणलो, "न्हाई."

मॅडम मायाळूपणानं म्हणाल्या, "मोठा बगळा असेल काकू, लांबून तसं वाटतं." तू त्यांच्याकडं पाहिलंच न्हाईस. माझ्याकडंच पाहत होतीस. मंग म्हणालीस, "असंल बाई. चहा ठेवू का?"

ते "असंल बाई" मला अजून ऐकू येतं.

तो पुन्हा कधी आला न्हाई. तू दर सकाळी आधी तलावाच्या मधोमध नजर टाकायचीस, मंग मोजायला घ्यायचीस. मी बघायचो तुला बघताना. आन साल-सहा महिन्यानं, बहुतेक हरभरा काढायच्या दिसात, तू पाण्याकडं बघत विचारायचीस, "आठवलं का?" मी म्हणायचो, "काय?" तू म्हणायचीस, "काई न्हाई. पिशवी द्या इकडं."

भांडली असतीस तर बरं झालं असतं. एरवी मिठावरून भांडायचीस. पण ह्याच्यावरून एकदा बी आवाज चढवला न्हाईस. आन दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, "चला, उठा, वही घ्या." शेत भगवानच्या हाती दिल्यावर मी नुसता पारावर पत्ते कुटून, ह्याच्यात्याच्याशी तंडून सडलो असतो. त्या साली तूच म्हणालीस, बसायचंच हाय तर तलावावर बसा. मला तिथं बसायचा काय हक्क होता? तरी तू शेजारची जागा पदरानं झटकून द्यायचीस.

गावाला म्या तेराव्याला सांगितलं. पंगत बसली होती, मी मधी उभा राह्यलो आन म्हणलो, झोळीवाला आल्ता तो म्या बी पाहिला होता, ती खरं बोलत होती आन मी खोटं. गिरणीवाल्यानं घास खाली ठेवला. भगवान म्हणाला, "आबा, बसा खाली." सुनीता मॅडम आल्त्या, केस पिकलेत त्यांचे आता. त्या उठून माझ्याजवळ आल्या. चष्मा काढून डोळे पुसले आन एवढंच विचारलं, "ओळ आहे का अजून?"

मी म्हणलो, "न्हाई. भरली."

त्याच्या आधी तुझ्या वहीला सांगून झालं होतं. ते तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी.

रोजच्या टायमाला जाग आली. तुझ्या दोन्ही पिशव्या ओसरीच्या खुंटीला होत्या, उजवीची गाठ तशीच. म्या पेटी उघडली, तिसरी वही काढली. भगवान दारात आडवा आला. "आबा, आज तरी नका जाऊ. सुतक हाय. लोक काय म्हणतील?"

"लोक बारा वर्षं म्हणूनच राह्यले. सरक."

रेखा मागून आली. तिनं चालू वही माझ्या हातात दिली. मधी चष्मा घालून ठेवला होता. भगवानला म्हणाली, "जाऊ द्या त्यांला."

तुझ्या दगडावर बसलो न्हाई. माझ्याच जागेवर बसलो, तुझी जागा झटकून. चष्मा लावला, उजवी पिशवी सोडली, चिंचोके दगडावर मांडले. दोन विसा आन सहा. कालच्या तारखेला लिहिलं, टिळेवाल्या, शेहेचाळीस. तू म्हणाली होतीस तसे उडून गेले नव्हते.

चिंचोके मोजतानाच ध्यानात आलं. इतकी वर्षं तू एकदा बी "लिहिता का" म्हणून विचारलं न्हाईस. "पाहिला होता का" म्हणून बी न्हाई. "आठवलं का" म्हणायचीस. जे माणसाकडं असतं तेच आठवतं. तू त्या दिवशी वळलीस तेव्हा माझं तोंड वर होतं, आभाळाकडं. तुला सगळं दिसलं होतं. पयल्या दिवसापासून ठाव होतं तुला, मी खोटा हाय म्हणून. आन तू गिरणीवर झोळीवाली म्हणवून घेतलं, पण नवरा खोटारडा हाय असं कुणाला म्हणाली न्हाईस. मला बी न्हाई. फक्त वाट पाहिलीस.

मला तिथं रडू आलं असं लिहिलं तर तू म्हणशील, चष्मा ओला केला असंल. व्हय, केला. धोतरानं पुसला.

मंग तिसरी वही उघडली. ते पान सापडायला वेळ लागला न्हाई. खालची ओळ, वरची ओळ, मधी मोकळं. माझं तेव्हाचं अक्षर मोठं, आताचं थरथरतं, पण मावलं. लिहिलं:

झोळीवाला. एक. गयाबाईनं पाहिला. तिच्या नवऱ्यानं बी पाहिला.

तुझं नाव लिहिताना "ग" दोनदा गिरवावा लागला. शाई वाळेस्तोवर वही उन्हात धरून बसलो. मंग दगडावरचे सगळे चिंचोके डाव्या पिशवीत परत भरले, आन मोजायला घेतलं. वाळक्या बाभळीखालून सुरवात केली.

भगव्या, दोन. एकीची मान वाकडी होती. त्याच होत्या.